नियम सर्वांना सारखा : रायगड किनाऱ्यावरील बैलगाडी शर्यतींची बंदी आणि परवानगी (२०११–२०२३)

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर बैलगाडीच्या शर्यती पुळणीवर होतात आणि त्यांची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरते. ओहोटी लागून पाणी मागे सरले की ओली वाळू दबून घट्ट होते. अशा वाळूत हलक्या गाडीचे चाक रुतत नाही, बैलाचा खूर घसरत नाही आणि सरळ, लांब धाव मोकळी मिळते. अलिबाग आणि मुरुड तालुक्यांत भातकापणी आटोपल्यावर, जत्रा-उत्सवांच्या दिवसांत अशा शर्यती भरवण्याची रीत जुनी आहे. या शर्यतींवर २०११ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्या परवानगीवर कायमची मोहोर उठवली. मधल्या काळात वाद दोन पातळ्यांवर चालला. शर्यत क्रूर आहे की नाही, हा पहिला प्रश्न होता. नियम सर्वांना सारखा लागतो की नाही, हा दुसरा. आणि बंदी प्रत्यक्षात सैल झाली ती या दुसऱ्या प्रश्नावर.

शर्यतींची रूपे

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीचा एकच एक प्रकार नाही. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांत बैलगाडा घाटात पळतो. गाड्याची बारी घड्याळावर मोजतात. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे मैदानात अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात आणि गट, सेमी, फायनल अशा फेऱ्या होतात. विदर्भात हाच खेळ शंकरपट या नावाने ओळखला जातो. किनाऱ्यावर घाट नाही आणि आखलेले मैदानही नाही. तेथे प्रत्येक वेळी वाळूत नव्याने धावपट्टी आखावी लागते आणि पुढची भरती ती पुसून टाकते.

रूप वेगळे असले तरी शर्यतीमागचे हिशेब सगळीकडे सारखेच. जिंकलेल्या जोडीचा भाव चढतो. मालकाचे नाव पंचक्रोशीत होते. गावाला जत्रेची गर्दी मिळते. ट्रॅक्टर आल्यानंतर शेतीतले बैलाचे काम कमी झाले. खिल्लार गोऱ्हा सांभाळण्याचे कारण अनेक घरांत शर्यत हेच उरले. याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे जिंकण्यासाठी बैलावर होणारी जबरदस्ती. चाबूक, टोकदार खिळा, शेपटी पिरगाळणे, विजेचा झटका देणारी बॅटरी, मादक पदार्थ अशा प्रकारांच्या तक्रारी प्राणिमित्र संघटना वर्षानुवर्षे करत होत्या. शर्यतीला लेखी नियमपुस्तिका नव्हती. पंच गावचा, झेंडा गावचा आणि शिस्तही गावाला जमेल तेवढीच असे.

कायद्याची पार्श्वभूमी

प्राण्यांना क्रूरतेने वागवणे हा देशात १८९० च्या कायद्यानेच गुन्हा ठरला होता. मुंबईत तर त्याही आधी, १८७४ मध्ये, प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी संस्था निघाली. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अस्तित्वात आला. त्यातील दोन कलमे पुढच्या घटनाक्रमाच्या मुळाशी आहेत. कलम ११ क्रूरतेच्या कृत्यांची यादी देते. कलम २२ केंद्र सरकारला असा अधिकार देते की, ठरावीक प्राण्यांचे प्रदर्शन करण्यास किंवा त्यासाठी त्यांना शिकवण्यास अधिसूचनेद्वारे मनाई करावी. या कलमाचा वापर करून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना सर्कशीतून बाहेर काढण्यात आले. सर्कसचालकांनी त्याविरुद्ध घेतलेली हरकत सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये फेटाळली.

११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने याच यादीत बैलाची भर घातली. तमिळनाडूतील जल्लीकट्टूवरून पेटलेला वाद हे त्यामागचे मोठे कारण होते. पण यादीत नाव बैलाचे होते, जल्लीकट्टूचे नव्हते. त्यामुळे वळू अंगावर घेण्याचा तमिळ खेळ आणि गाडीला जुंपून पळवण्याचा महाराष्ट्रातील खेळ एकाच मनाईखाली आले. ऑगस्ट २०११ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यानुसार राज्यातील शर्यतींना मनाई केली. गाडामालक मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये न्यायालयाने बंदी कायम ठेवली.

२०१४ चा निकाल

७ मे २०१४ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने भारतीय प्राणी कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराजा या प्रकरणात निकाल दिला. २०११ ची अधिसूचना वैध ठरली. तमिळनाडूने जल्लीकट्टूच्या नियमनासाठी २००९ मध्ये केलेला कायदा केंद्रीय कायद्याशी विसंगत म्हणून रद्द झाला. जल्लीकट्टू असो वा बैलगाडी शर्यत, तमिळनाडू, महाराष्ट्र किंवा देशात अन्यत्र कोठेही बैलाचा असा वापर करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखा धावण्यासाठी त्याचा देह घडलेला नाही, हे या निकालातले कळीचे निरीक्षण होते. भूक, वेदना, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक हे प्राण्यांचे हक्क म्हणून न्यायालयाने मान्य केले.

या निकालाची एक बाजू निर्विवाद होती: तो सगळ्या राज्यांना एकाच मापाने लागू होता. रायगडमधील आयोजकाला जे वर्ज्य, तेच मदुराईतील आणि मंगळुरूमधील आयोजकालाही वर्ज्य. ही समानता पुढे तीन वर्षेही टिकली नाही.

बंदीला फुटलेल्या वाटा

पहिली फट केंद्रानेच पाडली. ७ जानेवारी २०१६ रोजी, प्रकाश जावडेकर पर्यावरण मंत्री असताना, मंत्रालयाने नवी अधिसूचना काढली. बैल यादीत राहिला, पण जल्लीकट्टूला आणि महाराष्ट्र, कर्नाटक, पंजाब, हरियाणा, केरळ, गुजरात येथील बैलगाडी शर्यतींना अटींसह सूट मिळाली. शर्यतीची धाव दोन किलोमीटरपेक्षा लांब नसावी, ही त्यांतील एक अट. पाचच दिवसांत, १२ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने या अधिसूचनेला स्थगिती दिली.

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी प्रचंड जनआंदोलन झाले. तमिळनाडूने आधी अध्यादेश आणि मग कायदा करून १९६० च्या अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली. २००९ च्या आणि या कायद्यात मोठा फरक होता. प्राण्यांवरील क्रूरता रोखणे हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. त्यावर राज्याने केलेला कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असला, तर राष्ट्रपतींच्या संमतीनंतरच तो त्या राज्यात टिकतो. २००९ च्या कायद्याला ही संमती नव्हती. २०१७ च्या कायद्याने ती मिळवली. कर्नाटकाने कंबळा, म्हणजे चिखलातल्या म्हशींच्या शर्यती, आणि बैलगाडी शर्यतींसाठी हाच मार्ग धरला.

महाराष्ट्र विधानसभेने ६ एप्रिल २०१७ रोजी तसेच दुरुस्ती विधेयक मंजूर केले. तेव्हा पशुसंवर्धन खाते महादेव जानकर यांच्याकडे होते. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ऑगस्टमध्ये कायदा अमलात आला. जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने शर्यत घेता येईल, मात्र बैलाला वेदना वा यातना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, अशी त्यात तरतूद होती.

पण महाराष्ट्राची गाडी येथेच अडली. पुण्याचे अजय मराठे यांच्या याचिकेवर मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर आणि न्यायमूर्ती नितीन जामदार यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये, नियम तयार होईपर्यंत कोणत्याही शर्यतीला परवानगी देऊ नये, असा अंतरिम आदेश दिला. ऑक्टोबरमध्ये नियम आले, तरी मनाई उठली नाही. बैल मुळात धावण्याजोगा प्राणीच नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले असेल, तर राज्याच्या नियमांनी ते कसे बदलणार, अशी उच्च न्यायालयाची भूमिका राहिली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये तमिळनाडूचा वाद पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवण्यात आला आणि महाराष्ट्राचे प्रकरणही त्याच्याशी जोडले गेले.

एक कायदा, दोन वागणुकी

यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली. तिन्ही राज्यांचे कायदे एकाच धाटणीचे, तिन्हींना राष्ट्रपतींची संमती, तिन्हींची वैधता एकाच घटनापीठापुढे प्रलंबित. तमिळनाडू आणि कर्नाटकाच्या कायद्यांना स्थगिती नव्हती, म्हणून तेथे खेळ चालू राहिले. महाराष्ट्रात उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश होता, म्हणून ते बंद राहिले. सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात जे कायदेशीर होते, ते अलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात गुन्हा ठरत होते.

राज्याच्या आतही अंमलबजावणी एकसारखी नव्हती. आदेश मानणाऱ्या गावांनी जत्रेतली शर्यत बंद केली, गाडे अडगळीत टाकले, बैल पडत्या भावाने विकले. इतर ठिकाणी भल्या पहाटे, आडबाजूच्या माळावर चोरून शर्यती होत राहिल्या. कुठे गुन्हे दाखल झाले, कुठे पोलीस पोहोचेपर्यंत मैदान रिकामे झालेले असे. चोरून होणाऱ्या शर्यतीत पशुवैद्य नसतो, रुग्णवाहिका नसते, कठडे नसतात आणि बैलाच्या अंगावरचे वळ पाहणारे कोणी नसते. ज्या बैलासाठी बंदी होती, त्याला अशा ठिकाणी बंदीचे संरक्षण सर्वांत कमी मिळाले.

शेजारच्या गोव्याचा अनुभव याहून जुना होता. तेथे बैलांच्या झुंजींवर, म्हणजे धिरयोवर, उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंदी घातली. त्यानंतरही झुंजी लपूनछपून होत राहिल्या. कागदावरची मनाई आणि मैदानावरची सवय यांतले अंतर दशकानुदशके तसेच राहू शकते, हे गोव्याने दाखवले.

महाराष्ट्रात हे अंतर सर्वांत उघड झाले ते ऑगस्ट २०२१ मध्ये. विधान परिषदेचे सदस्य गोपीचंद पडळकर यांनी सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात झरे येथे शर्यत घेण्याचे जाहीर केले. प्रशासनाने परिसरातील गावांत संचारबंदी लागू केली आणि रस्ते अडवले. २० ऑगस्टला पहाटे पोलिसांना चुकवून दुसऱ्याच माळावर गाड्या पळाल्या. गुन्हे दाखल झाले. तथापि राज्यभर पोहोचलेला संदेश वेगळा होता: आदेश पाळणारा घरी बसला आणि मोडणारा दूरचित्रवाणीवर झळकला. शिरूरचे माजी खासदार शिवाजीराव आढळराव पाटील आणि त्यांच्यानंतर निवडून आलेले अमोल कोल्हे या दोघांनीही हा प्रश्न लावून धरला होता, त्यामुळे या मागणीला पक्षाची सीमा राहिली नव्हती.

डिसेंबर २०२१

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर, न्यायमूर्ती दिनेश माहेश्वरी आणि न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठाने महाराष्ट्राचा अर्ज ऐकला. राज्यातर्फे ज्येष्ठ वकील मुकुल रोहतगी उभे होते. राज्याने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेविषयी तज्ज्ञांचा अहवाल मांडला होता, पण निर्णायक ठरला तो समानतेचा मुद्दा. तशाच कायद्याखाली दोन राज्यांत खेळ सुरू असताना तिसऱ्या राज्याला वेगळा न्याय लावता येणार नाही, असे मानून न्यायालयाने घटनापीठाचा निकाल लागेपर्यंत महाराष्ट्राच्या कायद्यानुसार आणि नियमांनुसार शर्यतींना परवानगी दिली. शर्यत चांगली की वाईट यावर हा आदेश काही बोलला नाही. मुभा असेल तर सर्वांना आणि मनाई असेल तर सर्वांना, एवढेच त्याने सांगितले.

योगायोगाने त्याच आठवड्यात जगभरातील मोटार शर्यतींचे चाहते याच प्रश्नावर भांडत होते. १२ डिसेंबर २०२१ रोजी अबुधाबी येथे फॉर्म्युला वन हंगामाची अखेरची शर्यत झाली. अपघातानंतर सुरक्षा गाडीमागे सर्व स्पर्धक संथ चालत असताना शर्यत संचालक मायकल मासी यांनी एक फेरी मागे पडलेल्या सगळ्या गाड्यांना पुढे जाऊ दिले नाही. लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपेन यांच्यामधल्या फक्त पाच गाड्यांना वाट मोकळी करून दिली. शेवटच्या फेरीत व्हर्स्टॅपेन पुढे गेला आणि जगज्जेता ठरला. पुढे मासी यांना त्या पदावरून हटवण्यात आले आणि आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या अहवालाने मानवी चूक झाल्याचे मान्य केले. निकाल मात्र कायम राहिला. जाडजूड नियमपुस्तिका, पगारी पंच आणि शेकडो कॅमेरे असलेल्या खेळातही नियम काहींना लागला आणि काहींना नाही, असे दिसले की निकालावरचा विश्वास उडतो. वाळूत झेंडा घेऊन उभ्या असलेल्या गावच्या पंचाची अडचण याहून वेगळी नाही.

नियमांचा मजकूर

परवानगीनंतर २०१७ चे नियम प्रत्यक्ष वापरात आले. आयोजकाने जिल्हाधिकाऱ्याकडे किमान १५ दिवस आधी अर्ज करायचा आणि ५० हजार रुपयांची अनामत ठेवायची. धाव १,००० मीटरपेक्षा लांब नको. प्रत्येक बैलाकडे पशुवैद्यकाचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र हवे. धावण्यापूर्वी बैलाला किमान २० मिनिटे विश्रांती हवी आणि एका दिवसात एका बैलाला तीनपेक्षा जास्त वेळा पळवायचे नाही. काठी, चाबूक, टोकदार साधन, विजेचा झटका आणि उत्तेजक द्रव्ये यांना सक्त मनाई. संपूर्ण शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाला सादर करायचे.

पूर्वी जे गावच्या समजुतीवर चालत होते, ते आता लेखी झाले. किनाऱ्यावर मात्र या नियमांचा कस अधिक लागतो. ओहोटीच्या मोजक्या तासांतच पट्टी मोकळी असते. जोड्या जास्त आल्या आणि पाणी चढू लागले की आयोजकांची घाई होते आणि ती घाई पहिल्यांदा खाते ती बैलाची विश्रांती. वाळूत कायमचे कठडे उभारता येत नाहीत. प्रेक्षक दोन्ही बाजूंनी आत सरकतात, त्यांत किनारा पाहायला आलेले, उधळलेल्या जोडीचा अंदाज नसलेले पर्यटकही असतात. म्हणून किनाऱ्यावर नोंदणीच्या वेळीच जोड्यांची संख्या ओहोटीच्या वेळेशी जुळवणे आणि जादा जोड्या परत पाठवणे ही नियम पाळण्याची पहिली पायरी ठरते. हे काम शर्यत सुरू झाल्यावर करता येत नाही.

१८ मे २०२३

न्यायमूर्ती के. एम. जोसेफ, अजय रस्तोगी, अनिरुद्ध बोस, हृषिकेश रॉय आणि सी. टी. रविकुमार यांच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी एकमताने निकाल दिला. तो न्यायमूर्ती बोस यांनी लिहिला. तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरले. नवे कायदे आणि नियम एकत्र वाचल्यास खेळाची पद्धत बदलली आहे आणि प्राण्याच्या वेदना मोठ्या प्रमाणात कमी होतात, असे न्यायालयाने मानले. हा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवण्याचे काम विधिमंडळाचे, अशीही भूमिका घेतली.

निकालाच्या शेवटचा आदेश राजकीय जल्लोषात काहीसा झाकला गेला. कायदा आणि नियम काटेकोरपणे अमलात आणावेत आणि त्याची जबाबदारी जिल्हा दंडाधिकारी व सक्षम अधिकाऱ्यांवर राहील, असे न्यायालयाने स्पष्ट बजावले. म्हणजे कायदे वैध ठरले ते नियम पाळले जातील या गृहीतावर. नियम कागदावरच राहिले, तर २०१४ च्या निकालातील आक्षेप पुन्हा जसेच्या तसे उभे राहू शकतात.

परिणाम

बारा वर्षांच्या या घटनाक्रमाचा जमाखर्च दोन्ही बाजूंना आहे. प्राणिमित्रांना हवी असलेली सरसकट बंदी टिकली नाही, पण त्यांच्या रेट्यामुळे शर्यतीला पहिल्यांदा लेखी नियम, पशुवैद्य, चित्रीकरण आणि दंडाची तरतूद मिळाली. गाडामालकांना शर्यत परत मिळाली, पण ती जुन्या रूपात नाही. चाबूक उगारणारा गाडीवान आता कायद्याने गुन्हेगार आहे. सर्वांत मोठे नुकसान सोसले ते आदेश मानून बैल विकणाऱ्यांनी. बंदीच्या काळात नोंदलेले गुन्हे मागे घेण्याचे पाऊल पुढे राज्य शासनाने उचलले; नियम पाळल्यामुळे झालेले नुकसान भरून देण्याची सोय मात्र कोणत्याही कायद्यात नव्हती.

२०१४ ची बंदी सर्वांना सारखी होती तोवर तिला नैतिक बळ होते. ती एका राज्याला लागू आणि शेजारच्या राज्याला नाही, अशी झाली तेव्हा ते बळ ओसरले. हीच कसोटी आता परवानगीला लागते. एका गावच्या आयोजकाची अनामत जप्त होते आणि दुसऱ्या गावचा चाबूक चित्रीकरणात दिसूनही कारवाई होत नाही, अशी स्थिती आली तर परवानगीही बंदीच्याच वाटेने जाईल. रायगड जिल्ह्यापुरते पाहिले तर ही जबाबदारी अलिबाग येथील जिल्हाधिकारी कार्यालयाची आहे, आणि परवानगीसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक आयोजकाचीही आहे.